‘गुरुजी, कंबर दुखते!’



कंबरदुखी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती काठी टेकीत चालणारी आजी, किंवा दिवसभर ओणवें राहून भाताची लावणी करणारी शेतकरीण. सातआठ वर्षांचें पोर कंबरेवर हात ठेवून उभें राहिलें, तर तें कोणासच खरें वाटत नाहीं. “तुला रे कुठली आली कंबर!” असें म्हणून घरांतील वडील मंडळी हंसतात. तीच तक्रार शाळेंत गणिताच्या तासाला झाली, तर ती अभ्यास चुकविण्याची युक्ति ठरते. उलट ज्यांना ती खरी वाटते, ते लगेच दप्तराकडे बोट दाखवून मोकळे होतात. माझ्या मतें हे दोन्ही निकाल घाईचे आहेत. मी वैद्य नव्हे. परंतु प्राथमिक शाळेचा शिक्षक मुलांच्या पाठी रोज पांचसहा तास पाहत असतो, आणि वैद्याच्या नजरेस पडण्यापूर्वीं कांहीं गोष्टी त्याच्या नजरेस पडतात. त्याच आज आपल्यापुढें मांडाव्यात असें मनांत आहे.

प्रथम ही तक्रार कोणत्या वयांत किती आढळते तें पाहूं. डेन्मार्क देशांत जुळ्या भावंडांची एक मोठी नोंद ठेवलेली आहे. तिच्या आधारें २९ हजारांहून अधिक माणसांच्या कंबरदुखीचा अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. किशोरवयांत पाऊल पडतांच हें दुखणें झपाट्यानें वाढूं लागतें, आणि मुली अठरा वर्षांच्या व मुलगे वीस वर्षांचे होईपर्यंत निम्म्याहून अधिक जणांची कंबर एकदां तरी दुखून गेलेली असते, असें त्यांत आढळलें. वायव्य इंग्लंडांतील ११ ते १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २००२ सालीं निघाला. त्यांत सुमारें एकचतुर्थांश मुलांनीं मागल्या एका महिन्यांत कंबर दुखल्याचें सांगितलें. दहा वर्षांच्या आंतील मुलांत हें प्रमाण पुष्कळ थोडें असतें. पण ‘थोडें’ म्हणजे ‘नाहीं’ असें नव्हे. आणि जें थोडें आढळतें त्याकडे अधिक लक्ष द्यावें लागतें. चौदा वर्षांच्या मुलाची कंबर धरली तर बहुधा कांहीं दिवसांत ती आपोआप सुटते. सात वर्षांच्या मुलाची कंबर तीनचार आठवडे सतत दुखत राहिली, तर तेथें ‘आपोआप’ या शब्दावर विसंबून राहूं नये.

आतां दप्तराकडे वळूं, कारण लोकांच्या मनांत पहिला आरोपी तोच आहे. हा खटला जुना आहे. कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेचे सभासद असतांना १९८९ सालीं त्यांनीं सभागृहांतील आपलें पहिलें भाषण ओझ्याखालीं वांकून चालणाऱ्या शाळकरी मुलांसाठीं खर्च केलें. पुढें प्रोफेसर यशपाल यांच्या समितीनें १९९३ सालीं आपला अहवाल दिला. महाराष्ट्र सरकारनें २०१५ च्या जुलै महिन्यांत निर्णय काढून दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असूं नये असें ठरविलें, आणि २०२० सालच्या केंद्र सरकारच्या दप्तर-धोरणांतहि तोच दहावा हिस्सा कायम राहिला. त्या धोरणांत पहिली-दुसरीसाठीं १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पांचवीसाठीं १.७ ते २.५ किलो अशी मर्यादा दिलेली आहे. बालवाडीच्या मुलाला दप्तरच नको असें सांगितलें आहे. २०२३ सालीं आपल्या राज्यांत पाठ्यपुस्तकांतच कोरीं पानें घालून वह्यांचें ओझें हलकें करण्याचा प्रयोग झाला. परंतु पुस्तकांत पानें आलीं तरी वह्या दप्तरांतून गेल्या नाहींत, आणि २०२५ च्या आरंभीं तो प्रयोग मागें घेण्यांत आला.

माझ्या शेजारच्या दुसरींतील मुलाचें दप्तर मीं एकदां वाण्याच्या कांट्यावर ठेवून पाहिलें. मुलगा वीस किलोंचा, दप्तर पावणेचार किलोंचें. मग त्यांतून एकेक वस्तु काढीत गेलों. पुस्तकें व वह्या मिळून दीड किलोहि भरल्या नाहींत. रिकामें दप्तरच पाऊण किलोच्या जवळ होतें. पाण्याची लिटरची बाटली भरली कीं एक किलोच्या वर जाते. दुहेरी डबा, रंगपेटी, आणि तळाशीं नदींतून आणलेला एक गुळगुळीत गोटा! गोटा मीं परत ठेवला. तो त्याच्या मालकीचा होता. सांगावयाचें तें हें कीं, आपण सर्व राग पुस्तकांवर काढतों आणि पाणी विसरतों. शाळेंत पिण्याजोगें स्वच्छ पाणी असेल तर या मुलाच्या पाठीवरचा चौथा हिस्सा भार एका दिवसांत उतरेल. २०२० च्या धोरणांतहि शाळेनें पाणी पुरवावें असें लिहिलेलें आहे. परंतु पालकसभेंत त्याबद्दल विचारणारा पालक क्वचितच भेटतो.

एवढें सांगून झाल्यावर आरोपीची दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. २०१८ सालीं विद्वानांनीं निरनिराळ्या देशांतील ६९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ७२ हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता. दप्तराचें वजन, त्याचा आकार किंवा तें पाठीवर घेण्याची रीत यांमुळें पाठदुखी होते, असा खात्रीचा पुरावा त्यांना सांपडला नाहीं. मात्र ज्या मुलाला दप्तर जड *वाटतें* त्याचें दुखणें रेंगाळतें, असें कांहीं अभ्यासांत दिसलें. यावरून दप्तर भरभरून द्यावें असा अर्थ कोणी काढूं नये. जें पोर धापा टाकीत जिना चढतें त्याचें ओझें उतरविण्यास डॉक्टरी पुराव्याची गरज नाहीं. त्याचे श्रम हेंच कारण पुरेसें आहे. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यावें, जड वस्तु पाठीलगत ठेवावी, पट्टे आखडून दप्तर कंबरेखालीं लोंबूं देऊं नये, इतकी काळजी घ्यावी. परंतु दप्तर हलकें केलें कीं कंबरदुखी मिटली, अशी समजूत करून घेणें बरोबर नाहीं. कारण दप्तर पाठीवर असतें तें वीस मिनिटें, आणि बसणें असतें तें पांच तास.

या बसण्याविषयीं मला जरा विस्तारानें बोलावयाचें आहे.

आपल्या खेड्यांतील शाळांतून मुलें बहुधा बस्करपट्टीवर, मांडी घालून बसतात. मांडी घालणें वाईट नव्हे. आपले पूर्वज तसेच बसत आले. वाईट आहे तें मांडी घालून जमिनीवरच्या वहींत लिहिणें. पाटी मांडीवर असे तेव्हां ती थोडी वर उचललेली तरी असे. आतां वही सपाट फरशीवर पडलेली असते, आणि मूल कोयत्यासारखें वांकून तिच्यांत नाक घालतें. त्याच्या कंबरेचा नैसर्गिक बांक, म्हणजे पाठीकडून पोटाकडे जाणारी ती लहानशी खोलगी, अशा वेळीं सपाट होऊन उलटी फिरते. कंबरेच्या पांच मणक्यांवर वरच्या सगळ्या शरीराचा भार असतो. त्या वयांत मणक्यांच्या कडा अजून कूर्चेच्या असतात व तेथूनच त्यांची वाढ होत असते. भोंवतालचे स्नायूहि कोंवळे असतात. एकाच ताणांत धरून ठेवले कीं ते थकतात, आणि थकवा दुखून बोलूं लागतो.

शहरांतील बांकांवरची स्थिति याहून फार बरी नाहीं. एकाच मापाचे बांक घाऊक विकत घेतले जातात. त्यांवर सकाळीं दहावीचीं मुलें बसतात आणि दुपारीं त्याच जागीं पहिलीचीं. पहिलींतल्या मुलाचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत राहतात. तें टेकून बसलें तर लिहिण्याची फळी दूर राहते आणि लिहावयास पुढें सरकलें तर पाठ टेकत नाहीं. पाय टेकलेले नसले म्हणजे सारा तोल कंबरेनें सांभाळावा लागतो. मोठ्या माणसास असल्या उंच बैठकीवर एक तास बसवून पाहावें, म्हणजे मुलें चुळबुळ कां करतात हें त्याला कळेल. चुळबुळ हा मुलाच्या शरीराचा शहाणपणा आहे. ‘सरळ बस, हलूं नकोस’ असा हुकूम सोडून आपण तो शहाणपणा मोडून काढतों.

डेन्मार्कमधील ए. सी. मांडाल नांवाच्या एका शस्त्रवैद्यानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रश्नावर पुष्कळ काम केलें. लिहिण्याची फळी सपाट न ठेवतां लिहिणाराकडे उतरती असावी आणि बैठकहि किंचित् पुढें झुकलेली व उंच असावी, म्हणजे कंबरेचा बांक टिकतो, असें त्याचें प्रतिपादन होतें. मला तें वाचतांना आपल्या पेढीवरच्या मुनीमजींचें उतरतें डेस्क आठवलें. बैठकीवर मांडी घालून, समोर तें ठेंगणें ढाळाचें डेस्क घेऊन मुनीम दिवसभर खतावणी लिहीत. तें डेस्क लांकडाचें असे, आंत कागद ठेवावयास जागा असे, आणि कोणत्याहि सुतारास तें करतां येई. ग्रामपंचायतीनें किंवा माजी विद्यार्थ्यांनीं शाळेस भेट द्यावयाची असेल तर भिंतीवरच्या घड्याळापेक्षां अशीं पंचवीस डेस्कें द्यावींत. तोंपर्यंत दप्तरच मांडीवर आडवें घेऊन त्यावर वही ठेवली, तरी मान व कंबर दोहोंस पुष्कळ आराम पडतो.

बांकांच्या शाळेंत शिक्षकास एवढें करतां येईल: मुलें हजेरीपटाच्या क्रमानें न बसवितां उंचीच्या क्रमानें बसवावीं, ज्यांचे पाय लोंबतात त्यांच्या पायांखालीं फळी किंवा दोन विटा द्याव्या, आणि वीसपंचवीस मिनिटांनीं सर्व वर्ग उभा करावा. पाढे उभ्यानें म्हणावे, कविता तालावर चालत म्हणावी, फळ्यावर लिहावयास मुलांनाच पाठवावें. जें मूल भिंतीलगत बसून फळा तिरका पाहतें त्याची जागा दर आठवड्यास बदलावी. याला पैसा लागत नाहीं.

येथें एका जुन्या शिक्षेची आठवण होते. आमच्या लहानपणीं अपराधी मुलास आंगठे धरून उभें करीत. वर पाठीवर पट्टी ठेवीत, आणि ती पडली तर शिक्षा दुप्पट होई. कंबरेस इजा करण्याचा याहून शास्त्रशुद्ध मार्ग शोधूनहि सांपडणार नाहीं! २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास बंदी केली आहे. शाळेंतून आंगठे गेले खरे, पण शिकवणीच्या खोल्यांतून ते पुरते गेले आहेत काय, याची चौकशी पालकांनीं करावी. शाळा सुटल्यावर शिकवणींत दोन तास आणि मग हातांत मोबाइल घेऊन गादीवर आणखी एक तास, असें बसण्याचें जें दुसरें सत्र चालतें, त्याचा हिशेब तर शाळेच्या वेळापत्रकांत येतच नाहीं.

आतां मनाचा भाग. इंग्लंडांतील शाळकरी मुलांचा वर्षभर पाठपुरावा करून एक अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या मुलांची कंबर आरंभीं दुखत नव्हती त्यांतील पुढें कोणाची दुखूं लागली, हें त्यांत पाहिलें होतें. दप्तराच्या भारापेक्षां ज्यांचें डोकें किंवा पोट वारंवार दुखत असे, ज्यांचें मन अस्वस्थ होतें किंवा ज्यांचें वर्तन बिघडलेलें होतें, त्यांच्यांत कंबरदुखी अधिक निघाली. यशपाल समितीनेंहि म्हटलें होतें कीं, दप्तराच्या भारापेक्षां न समजणाऱ्या अभ्यासाचा भार अधिक घातक आहे. हें ऐकून कोणी म्हणेल, “म्हणजे ढोंगच झालें!” तसें नाहीं. काळजीनें पोट दुखतें तें खरोखरच दुखतें. घरीं भांडण असलें, वर्गांत वाचतां येत नसल्यानें हंसें होत असलें, तर ज्या मुलाला ‘मला भीति वाटते’ असें म्हणतां येत नाहीं तें ‘कंबर दुखते’ असें म्हणतें. अशा मुलास रागावलें तर त्याचें दुखणें वाढतें. दुखणें कोणत्या वारीं येतें आणि सुटीच्या दिवशीं कोठें जातें, हें न रागावतां पाहावें.

परंतु सर्वच दुखणें बैठकीचें किंवा मनाचें नसतें, आणि आजच्या भाषणाचा हाच भाग माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे.

१९९० च्या सुमारास एका लहान गांवीं माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यांत एक हुशार मुलगी होती. पावसाळ्यानंतर ती खेळावयास येईनाशी झाली. कंबर दुखते म्हणूं लागली. घरच्यांनीं उसण भरली असें समजून पायाळू माणसाचा पाय लावून घेतला, तेल चोळलें. एके दिवशीं तिची पेन्सिल खालीं पडली. दुसरीं मुलें पेन्सिल उचलतांना कंबरेंत वांकतात. ही वांकली नाहीं. एक हात मांडीवर टेकून, पाठ काठीसारखी ताठ ठेवून ती गुडघ्यांत बसली, पेन्सिल घेतली आणि तशीच मांडीवर हात रोवीत उठली. दुसऱ्या दिवशीं मीं मुद्दाम खडू खालीं टाकून तिला उचलावयास सांगितलें, पुन्हा तसेंच. त्याच महिन्यांत तालुक्याचे डॉक्टर शाळातपासणीस आले, तेव्हां त्यांना मीं हें दाखविलें. त्यांनीं तिच्या पाठीवरून बोट फिरविलें, रात्रीं झोपेंत दचकून रडते काय, असें आईस विचारलें, आणि तिला जिल्ह्याच्या रुग्णालयांत पाठविलें. तो मणक्याचा क्षय होता.

या रोगाचें वर्णन लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें १७७९ सालीं केलें. म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. क्षयाचे जंतु मणक्याचें हाड पोखरतात. दुखरा कणा हलूं नये म्हणून मूल पाठ आवळून धरतें, आणि वांकण्याऐवजीं गुडघ्यांत बसतें. झोपेंत स्नायु सैल पडले कीं कळ येऊन तें किंचाळतें. मणका खचला तर पाठीवर पोक येतें, आणि मज्जारज्जूवर दाब पडला तर पाय लुळे पडतात. वेळींच कळलें तर औषधांनीं हा रोग बरा होतो. वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ औषध न चुकतां घ्यावें लागतें, आणि सरकारी क्षयकार्यक्रमांत तें विनामूल्य मिळतें. त्या मुलीनें तें घेतलें, कांहीं महिने पट्टा बांधला, आणि पुढल्या वर्षीं ती सरळ पाठीनें शाळेंत आली. अशा मुलाच्या पाठीवर पायाळूचा पाय पडला किंवा कोणी जोरानें मणके ‘बसविले’, तर काय होईल याची कल्पना करावी. कोणाच्या श्रद्धेस दुखविण्याचा माझा हेतु नाहीं. पण लहान मुलाची पाठ ही त्या प्रयोगाची जागा नव्हे.

क्षय हें एकच कारण आहे असें नाहीं. हाडांत पू होणें, गांठ होणें, कणा वांकडा वाढणें अशीं इतरहि कारणें आहेत, आणि त्यांचा निवाडा डॉक्टरच करतील. आपल्या लक्षांत राहावें तें असें: कंबर रात्रीं दुखून मूल जागें होत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तें लंगडत असेल, पाय अडखळत किंवा बधिर होत असतील, अंथरुणांत लघवी होणें बंद झालेलें असतांना पुन्हा सुरू झालें असेल, पाठीवर उंचवटा दिसत असेल, किंवा मूल ताठ राहून वांकण्याचें टाळीत असेल, अथवा यांतलें कांहींहि नसतां दुखणें चार आठवड्यांपलीकडे गेलें असेल, तर घरगुती उपाय थांबवून मुलाला डॉक्टरकडे न्यावें. वेदना दडपणाऱ्या गोळ्या दुकानांतून आणून देत बसूं नये.

यांतलें कांहीं नसेल, तर मग मुलास अंथरुणांत निजवून ठेवण्याची आवश्यकता नाहीं. चालणें, पळणें, लंगडी, लगोरी, खोखो, झाडावर चढणें हेंच त्या कंबरेचें खरें औषध. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार चालू केले होते. दहा नमस्कार घालण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि त्यांत कंबर मागेंपुढें दोन्हीकडे वांकते. खेळाचा तास कापून तेथें गणित घालणाऱ्या मुख्याध्यापकांशीं माझें नेहमींच वांकडें असे.

शेवटीं शिक्षकबंधुभगिनींस एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच राज्यांत पालघर येथून सुरू झाला. त्याचें वैद्यकीय पथक शाळेंत वर्षांतून एकदां येतें. पथकास एका दिवसांत पुष्कळ मुलें पाहावीं लागतात. प्रत्येकाच्या वांट्यास थोडींच मिनिटें येतात, आणि तेवढ्यांत मूल लाजून “कांहीं होत नाहीं” असें म्हणतें. म्हणून एक साधी वही ठेवावी. ज्या मुलानें कंबर किंवा पाठ दुखते असें सांगितलें त्याचें नांव, तारीख, तें कोठें बसतें, खेळतें कीं नाहीं, आणि खालीं पडलेला खडू कसा उचलतें, इतकेंच लिहावें. पथक आलें कीं ती वही प्रथम डॉक्टरांच्या हातीं द्यावी. आणि मघाशीं सांगितलेल्या खुणांपैकीं एखादी दिसली, तर पथकाची वाट न पाहतां त्याच आठवड्यांत पालकांस बोलावून मुलाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयांत पाठवावें. शक्य असेल तर आपण स्वतः बरोबर जावें, कारण तें मूल कसें वांकतें हें डॉक्टरांना दाखविणारा दुसरा कोणी तेथें नसतो.